कांद्याच्या अकरा माळा

"पत्ता लो, जड नहीं. कुल्लू नहीं," असं उम खलफान मला डोंगरातली पात दाखवली त्याच दिवशी म्हणाली होती. कुल्लू म्हणजे सगळं. सगळं घेऊ नको, पान घे, गड्डा राहू दे. मला समजलं नव्हतं असं म्हणायला जागा नाही. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, म्हातारी शेळ्यांमागे फिरते, तिला काय कळणार बेगमी म्हणजे काय.

चौसष्टच्या ऑक्टोबरात आम्ही दुबईहून रास अल खैमाच्या अंगाला राहायला आलो होतो. माझा नवरा याकूब तिथल्या खजुरीच्या तीन बागांचे डिझेल पंप सांभाळायचा. एका बागेत दगडमातीची एक खोली आणि झावळ्यांचं स्वयंपाकघर आम्हाला मिळालं. बागेतल्या माणसांना रांधून घालायला हमदुल्लाचाचा होते, कोकणातल्या आमच्याच खाडीकाठचे, पन्नाशीचे, गुडघ्यापर्यंत लुंगी आणि डोक्यावर कायम ओला पंचा. आणि आमची अन्वरी, अडीच वर्षांची, काहीही न खाणारी.

ती खात नाही हा माझा चोवीस तासांचा उद्योग होता. भात तोंडात धरून बसायची. भाकरी दिली की कुस्करून कोंबडीला. आठवड्याने दुबईहून पिकअप यायचा त्यात बटाटे, भोपळा आणि कोबीचे वाळके गड्डे असायचे. त्यातलं काही तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. तिची मनगटं माझ्या दोन बोटांत मावायची आणि मी ती दिवसातून दहादा माववून बघायचे.

"बाय, पोरीला मापू नको," हमदुल्लाचाचा म्हणायचे. "मापलेली पोर वाढत नाय."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं. मी तीन वाढवलीत. एकालाही मापला नाय."

रोज सकाळी उम खलफान शेळीचं दूध घेऊन यायची. काळी अबाया, नाकावर मुखवट्यासारखा पितळी रंगाचा बुरखा, उजवा पाय जरा ओढत. तिचा नवरा पूर्वी मुंबईच्या फेरीच्या गलबतावर होता, त्याच्याकडून ती हिंदी शिकली होती. आता तो नव्हता. मुलगा खलफान कुवेतला. घरात ती आणि तिच्या शेळ्या. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊन बसायची, दूध माझ्या पातेल्यात ओतायची, अन्वरीच्या गालाला बोट लावायची आणि कॉफी घेऊन जायची. आमच्या त्या घरात माझ्याखेरीज बाईचं पाऊल तेवढंच.

जानेवारीत दोन दिवस पाऊस झाला. डोंगरातल्या वादीला, म्हणजे वर्षभर कोरड्या असणाऱ्या ओढ्याला, लालसर पाणी आलं आणि उतरून गेलं. दहा-बारा दिवसांनी उम खलफान दुधाबरोबर हिरवी जुडी घेऊन आली. बारीक, लांब, चपट्या पानांची. मी ती हातात घेतली आणि मला आमच्याकडची फोडशी आठवली. पण वास कांद्याचा होता. डोंगरी कांद्याची पात.

मी भित्री बाई आहे, लपवत नाही. त्या दिवशी चार पानं मी एकटीने खाल्ली आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पोटाकडे लक्ष ठेवून होते. काही झालं नाही. मग सोड्यांत पात चिरून घातली, तांदळाच्या भाकरीचा तुकडा बुडवून अन्वरीसमोर धरला. तिने खाल्ला. पुन्हा तोंड उघडलं. मी हमदुल्लाचाचांना हाक मारली, त्यांनी याकूबला, आणि हात डिझेलने काळे झालेला याकूब पंप चालू सोडून दाराशी येऊन उभा राहिला. आम्ही तिघं मोठी माणसं एका पोरीचं जेवण नाटक बघावं तसं बघत होतो.

"पात," अन्वरी म्हणाली. "अजून पात."

दुसऱ्या दिवशी उम खलफानने मला जागा दाखवली. बागेपासून अर्ध्या तासाच्या चढावर डोंगराच्या कुशीत एक खोलगट जागा होती, आमच्या अंगणाएवढी. तिच्या कडेने हातभर अंतरावर दगड पडलेले. दगडांच्या आत पातीचे झुबकेच झुबके. शेळ्या तिने खालीच थांबवल्या होत्या. तिने मला पान चोळून नाकाशी धरायला लावलं. कांद्याचा वास आला तर आपलं, नाही आला तर हात लावायचा नाही; तशीच दिसणारी दुसरी एक पात असते, ती वाईट. मग नखाने तिने एका झुबक्याची बाहेरची दोन पानं खुडली, आतली ठेवली, पुढच्या झुबक्याकडे सरकली. ज्याला फुलाचा दांडा आला होता त्याला हातच लावला नाही. असं वाकत वाकत तिने जुडी केली आणि मग ते वाक्य बोलली. पत्ता लो, जड नहीं. कुल्लू नहीं.

आणखी पंधरा दिवस मी तसंच केलं. दिवसाआड जायचं, पानं खुडायची, यायचं. अन्वरीच्या मनगटाला माझी बोटं जरा घट्ट व्हायला लागली होती.

मग फेब्रुवारीच्या सुरुवातीला मोठा पाऊस आला. वादी अशी फुगली की पिकअपची वाट धुऊन गेली. एक आठवडा कोणी आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात बागेच्या मालकाचा माणूस उंटावरून तांदळाचं एक पोतं टाकून गेला आणि म्हणाला, रस्ता इन्शाल्ला लवकर होईल. हमदुल्लाचाचांनी खजूर आणि सुकट यांवर माणसं जगवली. सुकटीची कमी नव्हती; तिकडे सुकी मासळी गायींना घालतात आणि खजुरीच्या मुळाशी खत म्हणून पुरतात. चाचांना ते पहिल्या दिवसापासून सोसत नव्हतं.

"गाईला सुकट," ते पंचा पिळत म्हणायचे. "आमच्याकडे जावयाला एवढी मिळत नाय."

पण मी पोत्यातला तांदूळ रोज मापायला लागले होते. मी अशा घरात वाढले जिथे मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याची, तयारी म्हणजे घराची इभ्रत. पुढचे चार महिने होड्या बंद, वाट बंद. जे आढ्याला टांगलं तेच पोटात जाणार. कांद्याच्या माळा, लसणाच्या जुड्या, खाऱ्या बांगड्याचं मडकं. माझी आई माळा मोजून झोपायची. रत्नागिरीला कॉलेजात जाऊन मी बी.ए. झाले, अर्थशास्त्र घेऊन. पण वाट बंद झाली हे दोन शब्द ऐकल्यावर माझ्या डोक्यात आईच बोलायला लागली. पात आज आहे, उद्या उन्हाने करपेल. गड्डे काढून टांगले तर वर्षभर आहेत.

मी उशीची खोळ, कोयता आणि हमदुल्लाचाचांचं भलं मोठं उलथणं घेऊन निघाले. चाचा अन्वरीला खांद्यावर घेऊन मागून आले.

"म्हातारीला विचारलंस?" त्यांनी विचारलं.

"डोंगर काय तिच्या बापाचा आहे?"

चाचांनी अन्वरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. दगडांच्या आत आम्ही दोन दिवस खणलं. माती पावसाने मऊ होती, गड्डे सुपारीएवढे, पांढरे, सहज निघत होते. माझी कंबर धरली, नखं काळी झाली, आणि मला फार बरं वाटत होतं हे सांगायला हवं. खूप दिवसांनी मला येणारं एखादं काम मी करत होते. घरी येऊन पात विणून माळा केल्या. पन्नास-पन्नास गड्ड्यांच्या अकरा माळा. खजुरीच्या आढ्याला टांगल्या तेव्हा ते झावळ्यांचं स्वयंपाकघर मला पहिल्यांदा घरासारखं दिसलं.

याकूबने वर पाहिलं. "बदरू, आगोट कधी आहे?"

"चेष्टा नको. पोरीचं वर्ष निघालं."

सकाळी उम खलफान आली. उंबऱ्याच्या आत बसली, दूध ओतलं, आणि माझ्या हातून कॉफीचा पेला घेताना तिची नजर वर गेली. बुरख्याच्या फटीतून मला फक्त डोळे दिसत होते. ते पहिल्या माळेपासून शेवटच्या माळेपर्यंत सावकाश गेले. तिने पेला ओठाला न लावता खाली ठेवला, अन्वरीच्या गालाला बोट लावलं आणि उठली.

दुसऱ्या सकाळी दूध पंपघराच्या कठड्यावर होतं. भांड्यावर खजुरीच्या पानाचं झाकण, वर दगड. ती खाली वाटेला लागलेली दिसली, पाय ओढत. मी हाक मारली. तिने हात वर केला, ऐकल्याचा. वळली नाही.

त्या दिवसापासून दूध कठड्यावर. रिकामं भांडं मी धुऊन तिथेच ठेवायचे. दूध एक थेंबही कमी झालं नाही. ती रागावून बंद करती तर भांडायला तरी मिळालं असतं.

"मी काय चोरी केली?" मी याकूबला विचारलं.

"मला काय विचारतेस. ती दगडांची रांग आहे ना, तिला हिमा म्हणतात, बागेतला माणूस सांगत होता. राखलेली जागा. तिच्या आईने राखलेली, तिच्या आधी आजीने."

"मला वाटलं दगड पडलेत."

"हातभर अंतरावर?"

मी पातेलं घासायला घेतलं.

माळांचंही मनासारखं झालं नाही. पात विणून टांगली ती चार दिवसांत वाळली, आणि अन्वरीला हवी होती पात. गड्डा चिरून दिला की ती उचलून बाहेर ठेवायची. मोठ्या माणसांनी खाल्ले. रस्ता मार्चात झाला, पिकअप भोपळे घेऊन आला. मग उन्हाळा आला. दुपारी लोखंडाला हात लावता येईना, पंपाचं इंजिन ओल्या गोणपाटाने झाकावं लागे, आणि गड्डे आढ्याला आक्रसून कागदासारखे वाजायला लागले. उरलेल्या दोन माळा मी रॉकेलच्या डब्यामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टांगल्या, समोर दिसू नयेत म्हणून.

पासष्टच्या डिसेंबरात पाऊस लवकर झाला. दहा दिवसांनी डोंगर हिरवट दिसायला लागला. मी अन्वरीला घेऊन चढले. तिला आठवत होतं. तिने हातात स्वतःची टोपली घेतली होती. खाली हिरवं, बाजूला हिरवं, आणि दगडांच्या आत आमच्या उलथण्याचे खड्डे जसेच्या तसे, पाणी सुकून भेगाळलेले. कडेला दगडांच्या सांदीत सहा-सात झुबके, आमच्या हातून सुटलेले.

"पात कुठे?" अन्वरीने विचारलं.

"येईल."

"कधी?"

मी तिचा हात धरून वळले. तिने टोपली पालथी घालून डोक्यावर ठेवली आणि उतरायला लागली. आणि वाटेवर उम खलफान शेळ्या घेऊन उभी होती. तिने आमच्या रिकाम्या टोपलीकडे पाहिलं. तिने स्वतःजवळची वाळकी खजूर काढून अन्वरीच्या हातावर ठेवली आणि शेळ्यांना हाकारत गेली. तिची स्वतःची परडीही रिकामीच होती.

त्या दिवशी मी स्वयंपाकघर उपसायला काढलं. मन थाऱ्यावर नसलं की मी भांडी घासते. रॉकेलचा डबा सरकवला, मागे हात घातला, आणि बोटांना काहीतरी ओलसर, टोकदार लागलं. माळ ओढून उजेडात आणली. सुरकुतलेल्या गड्ड्यांच्या डोक्यावर फिकट हिरवे कोंब, बोटाच्या पेराएवढे. ना माती, ना पाणी. बाहेर पाऊस पडला एवढं त्यांना अंधारात कळलं होतं.

"चाचा," मी ओरडले. "उलथणं कुठे आहे?"

"पुन्हा?" हमदुल्लाचाचा आतून म्हणाले. "आता काय डोंगरच टांगणार हायस?"

दोन माळांत शंभर गड्डे. वाजणारे, पोकळ बाजूला काढले. एकाहत्तर उरले. याकूबने दुसऱ्या दिवशी एक पंप बंद ठेवला आणि पाण्याचे दोन डबे खांद्याला लावून आमच्याबरोबर चढला. चाचा उलथणं आणि पहार घेऊन, अन्वरी टोपलीत पाच गड्डे घेऊन. तेवढेच, कारण सहावा दिला की ती फेकायची.

मी आमच्याकडे वाफे करतात तसे केले. सुतळी धरून सरळ ओळी, वीत वीत अंतर. खड्डे बुजवले, माती भुसभुशीत केली, खडे वेचून बाहेर टाकले. याकूब पाणी घालत होता. चाचा कमरेवर हात ठेवून कण्हत होते आणि खुशीत होते, कारण शेतकाम करून त्यांना वीस वर्षं झाली होती. दुपारपर्यंत पाच ओळी झाल्या. मी मागे सरून बघितलं. इतकं नीटनेटकं त्या डोंगरावर दुसरं काही नव्हतं.

वरून हसण्याचा आवाज आला. उम खलफान दगडावर बसली होती. कधी आली कळलं नाही. बुरख्याआडून ती इतकी हसत होती की तिचा खांदा हलत होता.

"शूफ," ती ओळींकडे हात करून म्हणाली, बघ. "ये क्या? नमाज का सफ?"

हमदुल्लाचाचा आधी फुटले. मग याकूब. खरंच, गड्डे नमाजाच्या रांगेत उभे राहिल्यासारखे दिसत होते, खांद्याला खांदा लावून. मला रडू आणि हसू एकदम आलं आणि मी हसू घेतलं.

ती उतरली, पाय सांभाळत. पहिल्या ओळीतला गड्डा तिने दोन बोटांनी उपसला, एका दगडाच्या उत्तरेच्या अंगाला नेला, जिथे सावली पडते आणि पावसाचं पाणी घटकाभर थांबतं. काठीने भोक केलं, गड्डा ठेवला, मी वेचून फेकलेले खडे गोळा करून त्याच्याभोवती लावले. खडे ओल धरतात. मग दुसरा, हातभर लांब, वेगळ्या दगडामागे. तिसरा तिने माझ्या हातात दिला.

मी चुकीच्या बाजूला लावला. तिने माझ्या मनगटावर हलकी चापट मारली.

"मद्रसा गया तुम?" तिने विचारलं. शाळेत गेलीस का?

"कॉलेजात गेलीय ती," याकूब म्हणाला. "बी.ए. आहे."

"माशाल्ला," उम खलफान म्हणाली आणि तो गड्डा काढून दगडाच्या दुसऱ्या बाजूला लावला.

सगळ्या पाच ओळी मोडल्या. दोन दिवस लागले. तिचा गुडघा वाकत नव्हता, म्हणून ती काठीने जागा दाखवायची आणि मी बसून लावायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी आणि सुकट घेऊन आम्ही तिथेच जेवलो. अन्वरी जेवेना. उम खलफानने आजूबाजूला पाहिलं, चार पावलं जाऊन मांसल, गोलसर पानांची एक फांदी आणली आणि तिच्या हातात दिली. मी नेहमीप्रमाणे आधी तोंडात घातली. अंबाडीसारखी आंबट. कच्ची चिंच चावावी तसं तोंड झालं.

"हुम्माद," ती म्हणाली. ही बियांवर येते, दरवर्षी नवी. "ये लो, बहोत लो. बीज छोडो." अन्वरीने डोळे मिटून, तोंड वाकडं करून पान चावलं आणि हात पुढे केला.

"बघ," चाचा म्हणाले. "आणि तू मनगटं मापीत बसलीस."

शेवटचा गड्डा अन्वरीचा होता. तो लावून झाल्यावर उम खलफानने दगडांची रांग नीट केली, आमच्या येण्याजाण्याने सरकलेले दगड जागी ठेवले आणि माझ्यासमोर तीन बोटं धरली. हा हिवाळा पान खुडायचं नाही. पुढचा हिवाळा खुडायचं नाही, बी पडू द्यायचं. तिसऱ्या हिवाळ्यात पान.

"तुम और हम," ती म्हणाली. "साथ में. खलास." ठरलं.

दुसऱ्या सकाळी मी कठड्यावर भांडं बघायला गेले तर कठडा रिकामा. वळले तर ती स्वयंपाकघरात, उंबऱ्याच्या आत बसलेली, दूध पातेल्यात ओतत होती. मान वर करून तिने आढं पाहिलं. तिथे एक वाळका बोंबील लटकत होता.

"इसका जड नहीं?" तिने विचारलं.

मी कॉफी ठेवली.

दुसरा हिवाळाही आम्ही पाहिला. एकाहत्तरांपैकी चाळीसच्या वर फुटले, काहींना फुलाचा दांडा आला. अन्वरी रोज मोजायला जायची आणि रोज वेगळा आकडा आणायची. एकदा तिने एक पान खुडलं, मग घाबरून थुंकी लावून चिकटवायला बघितलं. उम खलफानने ते पाहिलं आणि डोंगराकडे तोंड फिरवून हसली.

मग याकूबला दुबईला काम मिळालं. सदुसष्टच्या एप्रिलपासून आम्ही अल मनखूलमध्ये आहोत. शेजारी आपली माणसं, मरियमबी, शहनाझ, दाराशी पाणी. अन्वरी शाळेत जाते आणि डब्यात दिलेलं बहुतेक खाते. हमदुल्लाचाचा आमच्याबरोबरच आलेत, इथल्या एका मेसमध्ये असतात आणि इथे गाईला सुकट घालत नाहीत म्हणून समाधानी आहेत.

आता जानेवारी आहे, तिसरा हिवाळा. गेल्या आठवड्यात त्या बाजूला पाऊस झाल्याचं ऐकलं. मला सातवा महिना आहे, आणि शारजाच्या पुढच्या वाळूच्या वाटेवर गाडीत हादरे खायचे नाहीत असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. याकूबला सुटी नाही. उम खलफानला पत्र लिहून उपयोग नाही, तिला वाचून कोण दाखवणार. खलफान अजून कुवेतलाच आहे. आणि पाय ओढणारी ती बाई पावसानंतरच्या निसरड्या दगडांवर एकटी चढते.

म्हणून हे लिहिलं. वाचणाऱ्यांपैकी कोणाचा भाऊ, दीर, गाववाला त्या रस्त्यावर गाडी चालवत असेल तर त्याला सांगा. रास अल खैमाच्या अलीकडे डोंगराकडे वळलं की पंपांच्या तीन बागा लागतात, त्यांच्या मागे तिची झोपडी. सकाळी धूर निघतोय का बघायला सांगा. सहा शेळ्या होत्या, सहा आहेत का बघायला सांगा. तब्येत कशी आहे विचारलं तर ती अल्हम्दुलिल्ला म्हणेल, त्यावर विश्वास ठेवू नका. तिला चार पावलं चालायला लावून गुडघा बघा. आणि पात खुडली का, एवढं विचारा. तुम और हम म्हणाली होती, त्यामुळे तिने अजून हात लावला नसेल, माझी वाट बघत असेल. तिला सांगा, बदरू येते आहे, पुढच्या हिवाळ्यात, दोन पोरं घेऊन. या वर्षीची पात तू खुड.